सोपें सांगणें आणि खरें जाणणें

कठीण विषय सोप्या भाषेंत सांगणें हें दुय्यम प्रतीच्या माणसाचें काम आहे, असा एक समज विद्वानांच्या जगांत फार दिवसांपासून रूढ आहे. आचार्यानें ग्रंथ लिहावा, शिष्यानें त्यावर टीका करावी, आणि ज्याला यांपैकीं कांहींच साधत नाहीं त्यानें बायकामुलांसाठीं सुलभ गोषवारा काढावा, अशी ही उतरंड आहे. ज्ञान आधीं पूर्णत्वास जातें आणि मग इतरांच्या सोयीसाठीं तें पातळ करण्यांत येतें, हें या समजुतीच्या बुडाशीं असलेलें गृहीत होय. परंतु ज्ञानाचा इतिहास पाहूं गेल्यास हा क्रम पुष्कळदां उलटा दिसतो. सोपें करून सांगण्याच्या खटपटींतच सांगणाराला विषय प्रथम कळतो. इतकेंच नव्हे, तर क्वचित् नवें ज्ञानहि त्याच वाटेनें हातीं येतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें निघालेल्या एका लहानशा पुस्तकाची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो, हेंहि ती येथें सांगण्याचें एक कारण आहे.

१७९९ सालीं लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन नांवाची संस्था स्थापन झाली. विज्ञानाचा प्रसार व्याख्यानांच्या आणि प्रयोगांच्या द्वारें सामान्य सुशिक्षितांत करावा, हा तिचा हेतु होता. १८०१ सालीं हंफ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तेथें आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या व्याख्यानांना लंडनमधील प्रतिष्ठित मंडळींची रीघ लागली. विश्वविद्यालयांची दारें त्या काळीं स्त्रियांना बंद होतीं, पण या व्याख्यानगृहाचीं नव्हतीं. श्रोत्यांमध्यें जेन मार्सेट या नांवाच्या एक बाई असत. स्विस वंशाच्या एका व्यापाऱ्याची ही कन्या. जन्म १७६९ चा. पति अलेक्झांडर मार्सेट हे वैद्य असून रसायनशास्त्राचे व्यासंगी होते. डेव्हीचें वक्तृत्व झगझगीत, प्रयोग डोळे दिपविणारे. पण व्याख्यान संपवून घरीं आल्यावर आपल्या हातीं नेमकें काय लागलें हें मार्सेटबाईंना सांगतां येईना. पुढें एका स्नेह्याशीं त्याच विषयावर घरगुती बोलणें होऊं लागलें, साधे प्रयोग स्वतः करून पाहिले, आणि मग त्याच व्याख्यानांतील गोष्टी एकाएकीं स्पष्ट झाल्या. हा अनुभव त्यांनीं आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत प्रांजळपणें नमूद केला आहे.

तें पुस्तक म्हणजे ‘रसायनशास्त्रावरील संभाषणें’. १८०६ सालाच्या शिक्क्यानें तें प्रसिद्ध झालें, आणि त्यावर लेखिकेचें नांव नव्हतें. मिसेस बी. नांवाची एक शिक्षिका, आणि एमिली व कॅरोलाईन या दोन मुली, एवढींच त्यांत पात्रें. एमिली समजूतदार आणि अभ्यासू. कॅरोलाईन चटकन् बोलणारी, अधीर, शंकेखोर. पुस्तकाचा खरा प्राण या कॅरोलाईनमध्यें आहे असें म्हटलें तरी चालेल. शिक्षिका एखादा शब्द उच्चारते आणि कॅरोलाईन लगेच त्याचा अर्थ विचारते. एखादा नियम सांगितला जातो आणि ती त्याला अपवाद काढते. अशा मुलीसमोर ज्याला बोलावयाचें आहे त्याला पारिभाषिक शब्दाच्या आड लपतां येत नाहीं. स्वतःच्या मनांतील शंकांना तोंड फोडण्यासाठींच लेखिकेनें ही मुलगी निर्माण केली असावी, असें वाचकाला वाटल्यावांचून राहत नाहीं. मार्सेटबाई तज्ज्ञ नव्हत्या, आणि तो आव त्यांनीं कधीं आणलाहि नाहीं. आपण नुकत्याच शिकलों, म्हणून वाट कोठें अडते हें आपणांस ठाऊक आहे, ही त्यांची खरी योग्यता होती. १८०७ सालीं डेव्हीनें विजेच्या साहाय्यानें पोटॅशियम व सोडियम हे धातु वेगळे केले, तेव्हां तो शोध पुढील आवृत्तींत घालण्यास त्या चुकल्या नाहींत. अशा रीतीनें ५० वर्षांच्या आंत इंग्लंडांतच या पुस्तकाच्या १६ आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेंत लेखिकेच्या परवानगीवांचून निघालेल्या वेगळ्याच.

या पुस्तकाची एक प्रत बांधणीसाठीं लंडनमधील रीबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानांत आली. तेथें एका लोहाराचा मुलगा उमेदवारी करीत असे. शाळेंत तो लिहिणें, वाचणें आणि थोडा हिशेब यांपलीकडे फारसें कांहीं शिकला नव्हता. बांधावयास आलेलीं पुस्तकें उघडून वाचण्याची मात्र त्याला खोड होती. या मुलाचें नांव मायकेल फॅरडे. पुस्तकांत सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी, हें तो आपल्या ऐपतीप्रमाणें लहानसहान प्रयोग करून ताडून पाही, आणि ती खरी ठरली म्हणजेच पुढें जाई. १८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें डेव्हीचीं चार व्याख्यानें ऐकलीं. मग त्यानें काय केलें? ऐकलेलें सारें आपल्या शब्दांत, आकृतींसह, व्यवस्थित लिहून काढलें. त्याचा तीनशेंहून अधिक पानांचा ग्रंथ स्वतः बांधला, आणि तो डेव्हीकडे पाठविला. १८१३ च्या मार्च महिन्यांत त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रयोगशाळेंतील साहाय्यकाची जागा मिळाली. त्याला नोकरी मिळवून देणारें शिफारसपत्र म्हणजे, विषय दुसऱ्याला कळेल असा मांडण्याचा त्याचा हा यत्नच होय.

पुढें फॅरडेची कीर्ति डेव्हीहूनहि वर चढली. १८३१ सालीं त्यानें लोहचुंबकाच्या योगें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व शोधून काढलें. आज आपल्या घरांत जो दिवा लागतो त्याचें मूळ त्या शोधांत आहे. परंतु बालवयांतील त्या पुस्तकाचें ऋण तो विसरला नाहीं. १८५८ सालीं मार्सेटबाई निवर्तल्या, तेव्हां एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्यांना आपली पहिली गुरु म्हणून आदरानें स्मरलें आहे, आणि आपला एखादा निबंध प्रसिद्ध झाला कीं त्याची प्रत आपण त्यांना पाठवीत असूं असेंहि लिहिलें आहे.

ज्या रीतीनें तो शिकला तीच रीत त्यानें शिकवितांना चालविली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची प्रथा १८२५ सालीं सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धांतील खंड सोडल्यास ती आजहि चालू आहे. फॅरडेनें अशा १९ व्याख्यानमाला गुंफिल्या. त्यांतील १८६०–६१ ची शेवटची माला साध्या मेणबत्तीवर होती. ज्योतीच्या उष्णतेनें मेण वितळतें. भोंवतालची हवा वर चढतांना कडा थंड ठेवते, म्हणून वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. वातीच्या तंतूंतून तें मेण वर शोषलें जातें, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. ज्योतीचा पिवळा उजेड तींतील तापलेल्या कोळशाच्या बारीक कणांचा असतो. आणि जळून शेवटीं उरतें तें पाणी व कर्बाम्ल वायु. येथून तो मुलांना त्यांच्या श्वासोच्छ्वासापर्यंत आणून सोडतो, आणि देहांत चाललेलें मंद ज्वलन व मेणबत्तीचें ज्वलन यांचें नातें दाखवितो. यांत एकहि गोष्ट खोटी अथवा अर्धवट नाहीं. मुलांना परिभाषेचा भार वाटेल म्हणून तो सत्याला फांटा देत नाहीं. वस्तु दाखवितो आणि मग तिला नांव देतो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. सोप्या भाषेनें सर्व विज्ञान सांगतां येईल काय? फॅरडेला गणित जवळजवळ येत नव्हतें. चुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस टाकला असतां ज्या वांकड्या रेषा उमटतात त्यांवरून त्यानें ‘बलरेषां’ची कल्पना बसविली, आणि साध्या शब्दांनीं व आकृतींनीं ती मांडली. तत्कालीन गणितज्ञांना ती कच्ची वाटली. तिला गणिताचें रूप दिलें तें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें, आणि त्या गणितांतून निघालेल्या विद्युत्तरंगांचें भाकित १८८८ सालीं हर्ट्झनें प्रयोगानें खरें करून दाखविलें. गणितावांचून हें कधींच झालें नसतें. परंतु मॅक्सवेलनें जें गणितांत उतरविलें तें फॅरडेच्या साध्या शब्दांत आधींच होतें, ही गोष्टहि तितकीच खरी, आणि मॅक्सवेलनें ती मोकळ्या मनानें मान्य केली. १८५७ सालीं फॅरडेनें त्याला एक पत्र लिहिलें. गणितज्ञ आपल्या निष्कर्षाशीं पोंचल्यावर तो निष्कर्ष सूत्रांइतकाच पूर्णपणें व नेमकेपणें साध्या भाषेंत सांगतां येणार नाहीं काय, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करतां येतील, असा त्याचा प्रश्न होता. ही विनंति सहासष्ट वर्षांच्या जगन्मान्य शास्त्रज्ञानें सव्वीस वर्षांच्या तरुणास केली होती. साधी भाषा गणिताची जागा घेऊं शकत नाहीं. पण गणित ज्या वस्तूविषयीं बोलतें त्या वस्तूवरील आपली पकड सुटली कीं काय, हें ती दाखवून देते.

आतां आपल्या इकडील धागा. त्याच सुमारास मुंबईंत नव्या विद्या देशभाषेंत आणण्याचा उद्योग चालू होता. १८२२ सालीं निघालेल्या आणि पुढें बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें चाललेल्या संस्थेचा तो एक मुख्य हेतु होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं पंडितांच्या साहाय्यानें गणिताचीं मराठी पुस्तकें तयार केलीं, आणि मराठीचा कोश सिद्ध झाला. हरि केशवजी पाठारे यांनीं १८३३ सालीं पदार्थविज्ञानावर संवादरूपानें पुस्तक लिहिलें, आणि १८३७ सालीं ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ प्रसिद्ध केलें. हें मार्सेटबाईंच्याच पुस्तकाचें मराठी रूप. लंडनच्या उमेदवाराला ज्या पुस्तकानें वाट दाखविली तेंच पुस्तक तीस-एक वर्षांत मराठी मुलाच्या हातीं आलें, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. ज्याला या विद्येचे शब्दच आपल्या भाषेंत नाहींत त्यानें तिचें भाषांतर करावयाचें म्हणजे प्रत्येक वाक्याशीं थांबून, ‘याचा अर्थ मला खरोखर कळला काय?’ असें स्वतःस विचारणें. क्षार, अम्ल हे शब्द आपल्या वैद्यकांत होतेच. पण नव्या अर्थाला ते पुरतात कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं नवा अर्थ आधीं स्वच्छ समजला पाहिजे. फॅरडेवरहि हा प्रसंग आला होता. विजेनें द्रव्यांचें पृथक्करण होतांना जें घडतें त्याला नांवेंच नव्हतीं, म्हणून १८३४ सालीं त्यानें ह्युएल या पंडिताचा सल्ला घेऊन ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द योजले. इंग्रजीला हे शब्द ग्रीकांतून आणावे लागले. तेव्हां मराठीला संस्कृतांतून शब्द आणावे लागले, यांत तिचा कमीपणा कसला?

हा उद्योग असाच चालता तर काय झालें असतें, हें सांगणें इतिहासाचें काम नाहीं. झालें तें इतकेंच: १८४० नंतर बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें शिक्षणाच्या भाषेचा वाद माजला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस यांनीं देशभाषेची बाजू हिरिरीनें मांडली. उच्च शिक्षणांत विजय इंग्रजीचा झाला, आणि १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें त्याच पायावर. इंग्रजीमुळें आपल्याला जगाचें दार उघडलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. प्रस्तुत लेखकाची सारी विद्या त्याच दारानें आली आहे. पण त्याबरोबर आपण एक कसोटी गमावली. इंग्रजींत शिकलेली गोष्ट इंग्रजींतच परीक्षेच्या कागदावर उतरवितां येते. मध्यें ती समजण्याची गरज पडतेच असें नाहीं. शब्द जसे आले तसे परत केले कीं व्यवहार पुरा होतो. तीच गोष्ट घरीं आईला अथवा धाकट्या बहिणीला मराठींत सांगूं गेलें म्हणजे पहिल्या दोन वाक्यांतच कळून येतें कीं, आपल्याजवळ शब्द होते, अर्थ नव्हता.

पांडित्य संस्कृतांत असतांना गीतेचा अर्थ मराठींत सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटूं नये. १२९० सालच्या त्या ग्रंथाला कोणी सुलभ गोषवारा म्हणत नाहीं. तत्त्वज्ञान तेथें मराठी होतांना नव्यानें जन्मलें आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला हें सामर्थ्य येईल असें नाहीं. पण मार्सेटबाईंजवळहि प्रतिभेचा दावा नव्हता. आपल्याला अडलें तें दुसऱ्याला अडूं नये एवढी कळकळ, आणि कॅरोलाईनच्या प्रश्नाला खरें उत्तर देण्याची तयारी, इतकेंच भांडवल त्यांच्यापाशीं होतें. त्या भांडवलावर एक फॅरडे उभा राहिला. प्रत्येक सुशिक्षित घरांत एखादी कॅरोलाईन असतेच. तिचा प्रश्न ‘तुला तें कळणार नाहीं’ म्हणून उडवून लावण्यापूर्वीं, तें आपल्याला तरी कळलें आहे काय, याचा शोध घेतलेला बरा.