आकाशातून पडलेलं जातं

आमच्या आजीच्या नथीत बसऱ्याचे मोती होते. सणावाराला नथ घालताना ती त्यांवर बोट टेकवायची आणि म्हणायची, "ह्या बसऱ्यानं मोती दिलं अन् माणूस नेलं." माणूस म्हणजे तिचा धाकटा चुलता. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातून महिना अकरा रुपयांवर तो मराठा पलटणीत भरती झाला होता. १९१४ साली दिवाळीच्या तोंडावर मुंबईला आगबोटीत चढला. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. चुलतीनं त्या वर्षी फराळ केला आणि त्याच्या वाटचा डबा फळीवर तसाच ठेवला, हे तिला शेवटपर्यंत आठवत होतं.

त्याचा जोडीदार शेजारच्या गावचा. तो मात्र लढाई संपल्यावर, हाडांचा सापळा होऊन परत आला. ओसरीवर बसून तो सांगायचा, "आम्ही वेढ्यात हुतो. दळायला जातं नव्हतं. मग आभाळातनं जाती पडली." ऐकणारी माणसं एकमेकांकडे बघायची. उपासमारीनं डोक्यावर परिणाम झालाय, असं गावानं ठरवून टाकलं. आजीसुद्धा ही गोष्ट सांगताना शेवटी पुस्ती जोडायची, "बिचारा भरमिष्ट झाला हुता."

शाळेत मी पहिलं महायुद्ध शिकलो ते साराजेव्होचं. २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या. बरोबर महिन्यानं ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं. रशिया सर्बियाच्या पाठीशी उभा राहिला, म्हणून जर्मनी रशियावर उठला. रशियाचा दोस्त फ्रान्स, म्हणून फ्रान्सवर. आणि फ्रान्सकडे जायची वाट बेल्जियमवरून, म्हणून जर्मन फौजा तिथे घुसल्या. ४ ऑगस्टला इंग्लंड उतरलं. त्याच क्षणी हिंदुस्थानही युद्धात होता. व्हाइसरॉयनं जाहीर केलं, एवढंच. इथल्या कुणाला विचारलं नाही. परीक्षेत हे सगळं मी घडाघडा लिहिलं आणि मार्क मिळवले. पण त्या धड्यात आजीचा बसरा कुठेच नव्हता.

तो सापडला फार उशिरा, आजी गेल्यावर. बसऱ्यापासून जवळच, इराणच्या आबादानला ब्रिटिश कंपनीचा तेल शुद्धीकरणाचा कारखाना होता. इंग्रजांचं आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं आणि १९१४ सालीच त्यांच्या सरकारनं त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीकडे झुकला तर हे तेल जाईल, ही धास्ती. म्हणून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघाली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. तुर्कस्ताननं तोवर युद्धात पाऊलही टाकलं नव्हतं. मी पंचांग काढून पाहिलं. त्या पोरांचं लक्ष्मीपूजन भर समुद्रात झालं. २३ तारखेला बोटी बहारीनला लागल्या. ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो ते काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट ते. ५ नोव्हेंबरला इंग्लंडनं तुर्कस्तानशी युद्ध जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी फौज इराकच्या किनाऱ्यावर फाव इथे उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा पडला.

तेल राखायला आलेल्या फौजेनं तिथेच थांबायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. पण विजय सोपे मिळत गेले. कुर्ना, अमारा, नासिरिया, कुत. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत नाचक्की झालेली, तेव्हा बगदाद घेऊन ती भरून काढू, असा हिशेब वरच्यांनी मांडला. नदीतल्या बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफोनला साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून खडबडीत वाटेनं मागे आणलं. फौज हटत हटत कुतला आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला तिथे वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींची माणसं आत अडकली.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. घोडे, खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. धर्मगुरूंची परवानगी तारेनं आली तरी नाही. जोडीदार सांगायचा, आजीचा चुलता म्हणे, "गावात काय तोंड दाखवू?" ज्या गावाची त्याला भीती होती, ते तेव्हा त्याच्या नुसत्या खुशालीच्या पत्रासाठी तळमळत होतं.

आणि जाती? ती खरी होती. कुतमध्ये धान्य होतं, पण दळायची सोय पुरेशी नव्हती, म्हणून विमानांतून जात्याचे दगड टाकले गेले. पुढे पिठाची पोतीही टाकली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद पुरवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न मानतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पन्नास वर्षं आम्ही त्या माणसाला भ्रमिष्ट म्हणत होतो, आणि तो शब्दन् शब्द खरं बोलत होता.

२९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंडनं सुमारे तेरा हजार माणसांसह शरणागती पत्करली. त्याची स्वतःची कैद इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात गेली. शिपायांना उन्हातून वाळवंट तुडवत उत्तरेकडे हाकललं. आजीचा चुलता तिक्रितच्या पुढे वाटेत बसला तो उठला नाही.

इराकमध्ये मेलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याजवळ आहे. ते उभारलं तेव्हा हिंदी अधिकाऱ्यांची नावं त्यावर कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे लिहिले. आपल्याकडेही अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके कामी आले. त्यांवरही आकडेच. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा, त्या आकड्यातली नावं विचारा आणि आजच लिहून ठेवा. सांगणाऱ्याच्या एखाद्या गोष्टीवर विश्वास बसला नाही, तर तीही लिहा.