जवादी मांजराचा गंध आणि मलबारचे कोडे

मध्यरात्री माळ्यावर किंवा गच्चीवरच्या पत्र्यावर काहीतरी धावल्याचा आवाज येतो. सकाळी कठड्यावर जांभळाच्या किंवा उंबराच्या बियांनी भरलेली विष्ठा आढळते आणि सोसायटीत 'बिबट्याचे पिल्लू' आल्याची वार्ता पसरते. प्रत्यक्षात तो पाहुणा बहुधा उदमांजर असतो. दोन ते पाच किलो वजनाचा, करड्या अंगाचा, डोळ्यांभोवती काळसर मुखवटा असलेला हा निशाचर प्राणी दिवसभर झाडाच्या ढोलीत किंवा माळ्याच्या कोपऱ्यात झोपून काढतो. कांडेचोर या नावानेही तो ओळखला जातो. फळांचा तो रसिक आहे. ताडाच्या झाडाला बांधलेल्या मडक्यातील रसही तो सोडत नाही, म्हणूनच इंग्रजांनी त्याला 'टॉडी कॅट' म्हटले.

नावात मांजर असले तरी हा प्राणी मांजर नव्हे. प्राणिशास्त्रात त्याचे कूळ 'व्हायव्हेरिडी' या नावाने स्वतंत्र मानले जाते. लांबट मुस्कट, आखूड पाय, लांब शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या गंधग्रंथी ही या कुळाची सर्वसाधारण ओळख. आशिया व आफ्रिकेत ते पसरलेले आहे. आफ्रिकेतील सडपातळ, ठिपकेदार जेनेट हे याच कुळातले. त्यांपैकी एक जात माणसाबरोबर उत्तर आफ्रिकेतून स्पेन, पोर्तुगाल व दक्षिण फ्रान्समध्ये पोहोचली आणि तेथे रानात स्थिरावली. कुळातील आडदांड सभासद म्हणजे बिंटुराँग. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा हा प्राणी शेपटीने फांदी धरू शकतो. त्याच्या मूत्राला चक्क भाजलेल्या मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. त्यास कारणीभूत असलेले रसायन २०१६ मध्ये संशोधकांनी ओळखले. तेच रसायन बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला त्यांचा सुवास देते.

या कुळाची वंशावळ अलीकडे बरीच बदलली. डीएनएच्या अभ्यासानंतर मादागास्करमधील फोसा व त्याचे आप्त यातून वेगळे काढले गेले. सिक्कीम-अरुणाचलच्या जंगलांत आढळणारा ठिपकेदार लिनसँग तर आता स्वतंत्र कुळात मोडतो आणि जवादी मांजरांपेक्षा खऱ्या मांजरांना अधिक जवळचा ठरतो.

माणसाने मात्र या प्राण्यांना ओळखले ते मुख्यतः गंधामुळे. 'जवादी' हा शब्द मूळ अरबी 'झबाद'वरून आला. इंग्रजीतील 'सिव्हेट'चे मूळही तेच. जवादी म्हणजे गंधग्रंथींतून स्रवणारा लोण्यासारखा पदार्थ. ताजा असताना त्याचा दर्प असह्य असतो. पण अत्यल्प प्रमाणात मिसळला असता तो अन्य सुगंधांना टिकाऊपणा देतो, आणि अत्तरवाल्यांना हवे होते ते हेच. त्यातील प्रमुख घटकाच्या, सिव्हेटोनच्या रेणूची रचना लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये उलगडली. मोठ्या कड्यांच्या अशा रेणूंवरील कामाचा १९३९ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. पुढे कृत्रिम सिव्हेटोन उपलब्ध झाले आणि बड्या अत्तर कंपन्यांची नैसर्गिक जवादीची गरज ओसरली.

तोवर पिंजऱ्यांचा धंदा शतकानुशतके चालला होता. इथिओपियात आफ्रिकी जवादी मांजरे रानातून पकडून, वळताही येऊ नये अशा काठ्यांच्या अरुंद पिंजऱ्यांत ठेवण्याची व ठरावीक दिवसांनी त्यांच्या ग्रंथी खरवडून निघालेला गंध जनावरांच्या शिंगांत भरून विकण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे केरळातही जवादीसाठी हे प्राणी पाळले जात. तिरुपती देवस्थानात वेंकटेश्वराच्या सेवेत 'पुनुगु' म्हणजे जवादीचे तेल वापरले जाते आणि त्यासाठी ही मांजरे राखली जातात. सुमात्रा-जावातील 'कोपी लुवाक' कॉफीने या प्राण्यांना नवे पिंजरे दिले. उदमांजराच्या पोटातून गेलेल्या बियांची ही कॉफी रानातून वेचली जाई तोवर ठीक होते. मागणी वाढताच प्राणी कोंडून त्यांना केवळ कॉफीची फळे चारणे सुरू झाले. इतक्या सोसण्याला साजेशी चव त्या पेयात आहे काय, याविषयी जाणकारांतही एकमत नाही.

गंधाच्या या व्यापाराशीच भारतीय प्राणिशास्त्रातील एक चमत्कारिक कोडे जोडलेले आहे. १८६२ मध्ये एडवर्ड ब्लाइथ याने मलबार किनाऱ्यावरील एका मोठ्या जवादी मांजराचे वर्णन केले. काळे मोठे ठिपके, पाठीवर उभे राहणारे काळ्या केसांचे आयाळ असे त्याचे रूप. जर्डन या निसर्गतज्ज्ञाने ते त्रावणकोरात विपुल असल्याचे लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र ते नाहीसे झाल्याचा समज दृढ झाला. अशा वेळी १९८७ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात निलांबूरजवळ त्याची कातडी मिळाली आणि संशोधकांच्या आशा पालवल्या. काजूच्या बागांतील दाट झुडपांत ते तग धरून असावे, असा तर्क पुढे आला. त्याच बागा मोडून रबराची लागवड वाढत असल्याने चिंताही व्यक्त झाली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' ठरले. प्रौढ प्राणी २५० हून कमी असावेत, असा अंदाज मांडला गेला. त्यानंतर केरळ व कर्नाटकात स्वयंचलित कॅमेरे लावून शोध झाला. छायाचित्र मात्र हाती आले नाही.

२०१० मध्ये आर. नंदिनी आणि दिव्या मुडप्पा यांनी जुन्या साऱ्या नोंदी तपासून वेगळीच शंका उपस्थित केली. संग्रहालयांतील मोजक्या कातड्यांमागे रानातील खात्रीलायक निरीक्षण जवळजवळ नाहीच. उलट, याच्याशी विलक्षण साम्य असलेली ठिपकेदार जात आग्नेय आशियात आढळते आणि कालिकत तर व्यापाराचे नामांकित बंदर. मग जवादीसाठी जहाजातून आणलेल्या व पिंजऱ्यातून निसटलेल्या प्राण्यांनाच आपण मलबारचे मूळ रहिवासी समजत आलो नाही ना? प्रस्तुत लेखकास ही शंका पटण्याजोगी वाटते. तथापि निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी हिशेब सोपा नाही. जात खरी असेल, तर ती आपल्या डोळ्यांदेखत एका छायाचित्राविना गेली. खरी नसेल, तर दीड शतक एका निसटलेल्या मालाचा शोध चालला. जुन्या कातड्यांचा डीएनए हाच यावरचा उतारा दिसतो.

या कोड्याच्या सावलीत पश्चिम घाटाचा निर्विवाद रहिवासी मात्र दुर्लक्षित राहतो. तपकिरी उदमांजर जगात केवळ याच डोंगररांगेत आढळते. कळकाड-मुंडनथुराईच्या जंगलात मुडप्पा व सहकाऱ्यांनी त्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याचा आहार जवळजवळ सर्वस्वी फळांचा असल्याचे आणि पन्नासहून अधिक वनस्पतींची फळे तो खात असल्याचे दिसून आले. बिया न चावता दूरवर टाकणारा हा प्राणी रात्रपाळीचा माळीच म्हणायचा.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या जाती दोन. उदमांजर झाडावरचे, त्याच्या शेपटीवर कडी नसतात. जवादी मांजर किंवा कस्तुरी मांजर जमिनीवरचे. पाठीवर लांब रेघा आणि शेपटीवर ठळक काळी-पांढरी कडी. उंदीर, खेकडे, किडे आणि फळे असा त्याचा आहार असून माळरान व शेताच्या बांधावर ते वावरते. शेपटीवरील कड्यांमुळे बिबट्याचा बछडा समजून पकडले जाते ते बहुधा हेच. दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. त्यांना मारणे, पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. माळ्यावर पिलांसह मादी आढळल्यास पिले मोठी होऊन ती स्वतः निघून जाईपर्यंत थांबावे आणि नंतर फटी बुजवाव्यात. प्राणी अडकला वा जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.