आयजीईचं सोयरं गाजरगवत

पाऊस लागला की नंदनवन वस्तीतल्या मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत कमरेएवढं माजतं. पुढे शिंकांनी हैराण झालेला माणूस लॅबमध्ये ‘आयजीई’ तपासायला जातो. या तपासणीचं आणि त्या गवताचं नातं चुलतभावाचं आहे. आयजीई हे प्रतिपिंड १९६६ साली डेन्व्हरला इशिझाका दांपत्याला सापडलं, तेही रॅगवीडच्या परागांनी बेजार झालेल्या रुग्णांच्या रक्तात. रॅगवीड आणि गाजरगवत दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, त्यातही एकाच पोटशाखेतली. हे नातं नुसतं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं नाही. दोघांच्या परागांना रक्तातली तीच प्रतिपिंडं चिकटतात, हे बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं आहे.

अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी या रक्ततपासणीहून जुनी. मँचेस्टरच्या ब्लॅकलीनं स्वतःच्याच कातडीवर ओरखडा काढून पराग लावले. त्याचं पुस्तक १८७३चं. १९२१मध्ये ब्रेस्लाऊच्या प्राउसनित्सनं मासळी न सोसणाऱ्या क्युस्टनरचा रक्तद्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथंच मासळीचा अर्क टोचला, तर गांधी उठली! दोष रक्तातून वाहतो, हे कळलं. तो नेमका कोण, हे कळायला पंचेचाळीस वर्षं गेली.

आता खरा वाद. गाजरगवत आपल्याकडे आलं कसं? पीएल-४८० कराराच्या अमेरिकन गव्हातून, असं सगळे सांगतात. पण तो करार ऑगस्ट १९५६चा, आणि पुण्याच्या उकिरड्यांवर हे गवत १९५५मध्येच दिसलं होतं. दुसरा पक्ष वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४च्या कलकत्ता बागेच्या यादीकडे बोट दाखवतो. बागेतलं रोप मात्र देशभर पसरल्याचं कुठं दिसत नाही. माझा कौल १९५१च्या गहू-कर्जाला: गहू तोच अमेरिकेचा, आणि तारखाही जुळतात.

पुन्हा त्वचाचाचणीकडे वळू. आज ती करताना हातावर पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी अर्काचा थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक सुई टोचतात. रक्त सहसा येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा, एक सलाइनचा; पहिल्यानं गांधी उठलीच पाहिजे, दुसऱ्यानं उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांत मोजपट्टी लावून गांधी मोजतात. सलाइनच्या जागेपेक्षा गांधी किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर ती धरतात. तोवर हात खाजतो, पण खाजवायचं नाही. सेट्रिझिनसारखी गोळी काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर हिस्टामिनची गांधीसुद्धा उठत नाही.

रक्ततपासणीला ना उपाशीपोटी जावं लागतं, ना गोळी थांबवावी लागते. पण एकूण आयजीईचा आकडा जंतांनीही चढतो, म्हणून नेमक्या कशाची अ‍ॅलर्जी ते पाहणारी वेगळी तपासणी असते. तिच्यातही आकडा आला म्हणजे आजार ठरला असं नाही. त्रास आणि आकडा जुळावे लागतात.

आणि गाजरगवत उपटताना अंगावर चट्टे उठत असतील, तर सुई आणि रक्त दोन्ही बहुधा गप्प बसतात. तिथं प्रतिपिंड नव्हे, पेशी भांडतात. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवतात. त्या ४८ तास भिजू द्यायच्या नाहीत, आणि काढल्यावरही एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा दाखवायची. म्हणून शिंका येतात की चट्टे उठतात, हे डॉक्टरांना आधी सांगावं. चाचणी त्यावर ठरते.