यवनाने दिलेला खांब

सहावीतल्या माझ्या लेकीने पुस्तकात रोमच्या कोलोसियमचं चित्र पाहिलं आणि हट्टच धरला, "अब्बा, रोमला जाऊ या." खिशाकडे बघून मी म्हणालो, "रोम राहू दे. रोमची माणसं आपल्याकडे जिथवर आली होती, तिथे जाऊ."

शनिवारी उलव्याहून गाडी काढली. डिकीत तंबू, छोटा गॅस, शिधा. कार्ल्याला जातोय म्हटल्यावर शेजारच्या आगरी मावशींनी एकवीरा आईसाठी नारळ हातात दिला.

रात्री पवना धरणाच्या काठी तंबू ठोकला. जेवताना मी सांगू लागलो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातल्या इजिप्तमधून जहाजं निघत आणि पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' लिहिलं, त्यात सोपारा, कल्याण, चौल यांची नावं आहेत. अटल सेतूवरून दिसणाऱ्या घारापुरीवर रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. पश्चिमेकडून येणाऱ्या या लोकांना इथले लोक 'यवन' म्हणत.

लेक म्हणाली, "पण यवन म्हणजे आपण ना? गॅदरिंगच्या नाटकात तसंच म्हणत होते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी "उद्या दाखवतो" एवढंच म्हणालो.

सकाळी पायऱ्या चढून कार्ल्याला पोचलो. एकवीरेचं देऊळ लेण्याच्या तोंडाशीच आहे. तिथे मावशींचा नारळ दिला आणि चैत्यगृहात शिरलो. आत 37 खांब आणि छताला दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी. काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटहून आलेले यवनही आहेत. एकाचं नाव सिहधय, एकाचं धम्म. म्हणजे परका म्हणून ओळखला जाणारा माणूस इथलं नाव घेऊन, इथल्या भाषेत, बौद्ध संघाला खांब देतो आणि 'यवन' ही ओळखही न लपवता कोरून ठेवतो. त्या दगडात 'यवन' ही शिवी नाही, दात्याची ओळख आहे.

शब्दाचा प्रवास लेकीला तिथेच सांगितला. ग्रीकांच्या आयोनिया प्रांतावरून जुन्या फारसीत 'यौन' झालं, आपल्याकडे 'यवन' आणि अरबीत 'यूनान'. "दादीचं औषध जिथून आणतो, त्या पाटीवर काय लिहिलंय?" ती म्हणाली, "युनानी दवाखाना!" आणि स्वतःच हसली. यवन आणि युनानी मूळचे एकच. पुढे पश्चिमेकडून येणारे बदलले, पण शब्द तोच राहिला. मध्ययुगात तो मुसलमानांना चिकटला आणि त्यातला पाहुणा हळूहळू गळून शत्रू तेवढा उरला.

खरं तर मुसलमानही या किनाऱ्यावर आधी आले ते व्यापारीच. अरब प्रवासी मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. ते हिंदू राजाच्या राज्यात नांदत होते आणि त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच होता. इतिहासात लढाया झाल्या, हे मी लेकीपासून लपवत नाही. पण नुसत्या लढाया शिकवल्या, तर चौलची ही वस्ती तिला कळणार कशी?

दुपारी जुन्नर गाठलं. तिथल्या लेण्यांतही तीन यवनांचे लेख आहेत. इरिलाने पाण्याच्या टाक्या दिल्या, चिटाने भोजनमंडप. तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला जेवण, सवाबची याहून साधी कामं कोणती? जुन्नरहून नाणेघाटाने व्यापारी तांडे कल्याणला उतरत. आमची गाडी शेजारच्या माळशेज घाटाने उतरली.

रात्री मावशींना प्रसाद दिला. "काय बघितलंस गो?" त्यांनी विचारलं.

"एकवीरा आईच्या शेजारी यवनाचा खांब आहे," लेक म्हणाली.

"इतकी वर्सं जातंय, मना ठाऊकच नाय," मावशी म्हणाल्या. "पुढच्या येलंला मना दाखव."

चैत्रात त्यांच्यासोबत जायचं आता ठरलंय.