विसुद्धिमग्ग : संपादन आणि साधना

१/ पाचव्या शतकात सिंहलद्वीपात आचार्य बुद्धघोषांनी रचलेला ‘विसुद्धिमग्ग’ शील, समाधी, प्रज्ञा अशा क्रमाने उलगडतो. प्रज्ञा शेवटी येते. आचरण आणि ध्यान तिच्या आधी. असा ग्रंथ केवळ वाचून समजतो काय? धर्मानंद कोसंबींचे जीवन या प्रश्नाला भिडते.

२/ १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना मराठी मासिकातील बुद्धचरित्राने ओढ लावली. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकताना ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाभ्यास केला.

३/ १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले, ते हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या निधनामुळे अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी. पाठभेद लावणे हे भाषापंडिताचे काम. परंतु त्यातील ध्यानविधी कोसंबींनी स्वतः अभ्यासलेले होते. श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. ती आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाली.

४/ दरम्यान त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, ‘समाधिमार्ग’ लिहून ध्यानविचार मराठीत आणला, मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला आणि परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला.

५/ चीवर त्यांनी १९०६ च्या सुमारासच उतरवले होते. शील मात्र वस्त्राबरोबर उतरले नाही. पांडित्याने त्यांना ग्रंथाचा पाठ दिला. त्याचा अर्थ त्यांनी जगण्यातून शोधला.