दिनविशेष : १ नोव्हेंबर १९५६
एक मुलूख, दोन राज्ये

राज्य पुनर्रचना या दिवशी अमलात आली. भंडाऱ्यासह विदर्भातले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. चिखल्याची मँगनीज खाण एका राज्यात आणि तिरोडीची दुसऱ्यात, अशी ही वाटणी झाली. मुळात १८६७ साली बालाघाट जिल्हा घडला तो भंडाऱ्याचाही काही भाग घेऊन. पोवारी आणि गोंडी आजही दोन्हीकडे बोलल्या जातात. एका लोकसमूहातून सीमा गेली की तो तुटतोच, असे म्हणणाऱ्यांनी हा टापू जरूर पाहावा. तुमसरहून निघालेले रूळ पुढे सीमा ओलांडून थेट तिरोडीला जातात. दोन्हीकडच्या खाणी ‘मॉयल’ या एकाच सरकारी कंपनीकडे आहेत आणि बावनथडीचे धरण हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे.

याउलट कोरियात १९४५ साली ३८व्या अक्षांशावर रेघ ओढली गेली, १९४८ मध्ये दोन राष्ट्रे झाली आणि १९५३च्या युद्धविरामानंतर वाटच बंद झाली. भाषा एक, पूर्वज एक, तरीही कित्येक भावंडांची आयुष्यभर भेट नाही. राष्ट्रांची फाळणी आणि राज्यांची हद्द यांची तुलना गैर आहे, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्तच आहे. पण त्यातूनच मुद्दा पक्का होतो. माणसे दुरावतात ती येणे-जाणे अडवल्याने. अर्थात खुली सीमाही अगदी निरुपद्रवी नसते. सरकारी शाळेत अलीकडे मराठी, पलीकडे हिंदी; घरातल्या पोवारी-गोंडीला मात्र दोन्हीकडे जागा अपुरीच. तिची काळजी दोन्ही राज्यांनी मिळून घ्यायला हवी.