चाहत्यांचा राग वाचताना

चाहत्यांच्या मतांचा अभ्यास म्हटलं की अजूनही काही विद्वानांच्या कपाळाला आठी पडते. मालिका बघून भांडणाऱ्यांत अभ्यासण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटतं. हेन्री जेनकिन्स यांचं ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ हे पुस्तक १९९२मध्ये आलं. चाहता समोर आलेलं मुकाट्याने स्वीकारत नाही, कथेतलं हवं ते उचलून स्वतःची मांडणी करतो, हे त्यात सविस्तर दाखवलं आहे. आठी मात्र अजून टिकून आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी इथे मुद्दाम एकच मालिका घेतली आहे, ‘टॉर्चवुड’. तिचं मूळ ‘डॉक्टर हू’त आहे. ‘डॉक्टर हू’ ही १९६३पासूनची, ब्रिटनमध्ये शनिवारी संध्याकाळी लहानथोरांनी एकत्र बसून बघायची विज्ञानकथा. मध्यंतरी बंद पडलेली ही मालिका २००५मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली आणि ऑक्टोबर २००६मध्ये तिच्यातल्या कॅप्टन जॅक हार्कनेसला घेऊन ‘टॉर्चवुड’ सुरू केली. नावसुद्धा ‘डॉक्टर हू’च्याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून केलेलं. कार्डिफ शहर, रात्री नऊनंतरची वेळ, शिव्या, शरीरसंबंध आणि भरपूर रक्त.

पहिल्याच पर्वात अनेक चाहत्यांनी तक्रार केली, आणि ती ऐकण्याजोगी होती. मालिका फार काळोखी आहे, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. प्रौढांसाठी म्हणून जे दाखवलं जातंय ते पोरकट आहे, असं ते म्हणत होते. ‘सायबरवुमन’ हा भाग तर थट्टेचा विषयच होऊन बसला. थट्टा रास्तच होती, असं मला वाटतं.

जुलै २००९मध्ये तिसरं पर्व आलं, ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’. बीबीसी वनवर सोमवार ते शुक्रवार, रोज रात्री एक भाग. परग्रहवासी पृथ्वीवरची दहा टक्के मुलं मागतात, आणि सरकार नकार देण्याऐवजी कोणाची मुलं द्यायची याचा हिशेब करत बसतं. शेवटी जग वाचवायला जॅक स्वतःच्या नातवाचा बळी देतो. इथला काळोख शिव्या आणि रक्ताच्या फार पुढचा होता. समीक्षकांनी वाहवा केली. पण याच पर्वाच्या चौथ्या भागात जॅकचा प्रियकर इआन्तो जोन्स मरतो, आणि अगदी निष्ठावान चाहतेच बिथरले. इआन्तो सगळ्यांना कॉफी करून देणारा, म्हणून निषेधासाठी बीबीसीकडे कॉफीची पाकिटं पाठवली गेली. धर्मादाय निधीसाठी पैसे गोळा झाले. कार्डिफ बेमधल्या मर्मेड कीवर एका भिंतीला चिठ्ठ्या, फुलं, छायाचित्रं लागली. काल्पनिक माणसाचं हे स्मारक पुढे पर्यटकांचं ठिकाण झालं.

याला नुसतं रडगाणं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. डेव्हिस यांनी हा मृत्यू कथेची गरज म्हणून समर्थनीय ठरवला, आणि नाट्य म्हणून पाहिलं तर मला त्यांचं पटतं. पण चाहत्यांचा एक युक्तिवाद नाट्याबाहेरचा होता. दूरचित्रवाणीवर दोन पुरुषांचं प्रेम आधीच विरळा. ते दाखवायचं आणि दोघांतल्या एकाला मारायचं, ही या माध्यमाची जुनी खोड आहे, असं ते म्हणत होते. २००६ची तक्रार कारागिरीबद्दल होती, २००९ची विश्वासाबद्दल. दोन्ही ‘फार काळोखी’ या एकाच खणात टाकणारा संशोधक काहीच वाचत नाही. रिबेका विल्यम्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी आवडती मालिका संपते, आवडतं पात्र जातं, तेव्हा चाहत्यांच्या आत्मप्रतिमेचं काय होतं याचा माग घेतला आहे. २००९चा हा राग समजून घ्यायला ते लेखन उपयोगी पडतं.

२०११चं ‘मिरॅकल डे’ हे अमेरिकेच्या स्टार्झ वाहिनीच्या भागीदारीतलं पर्व. त्यावर थोडक्यात इतकंच, की कथानकाचा मोठा भाग अमेरिकेत गेला आणि कार्डिफ मागे पडल्याची हळहळ बऱ्याच जुन्या चाहत्यांना वाटली. मालिकेचा जीव काळोखापेक्षा त्या गावात अधिक होता, असं त्यांचं मत. हा मुद्दा अजून पुरेसा अभ्यासला गेलेला नाही, असं मला वाटतं. कोणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर त्याने इथून सुरुवात करावी.

आणि एक विनंती. सिद्धांताची पुस्तकं उघडण्याआधी तिसऱ्या पर्वाचे पाचही भाग रोज एक याप्रमाणे बघा, आणि चौथ्या भागानंतर आपलं मत कागदावर लिहून ठेवा. मग इतरांची मतं वाचा.